उत्तरफाइल ते प्लेबुक: अनेक संगणकांची स्वयंचलित उभारणी

एका संगणकावर ऑपरेटिंग सिस्टीम बसवणे हे फारसे अवघड काम नाही. तेच काम तिसाव्या संगणकावर पहिल्याइतक्या काळजीने करणे मात्र अवघड आहे. इन्स्टॉलर भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो, डिस्कचे भाग कसे पाडायचे ते विचारतो, मग संगणकाचे नाव, वापरकर्ता आणि पासवर्ड विचारतो, आणि हे सगळे एकदम न विचारता थांबत थांबत विचारत असल्यामुळे माणसाला खुर्ची सोडता येत नाही. दहाव्या संगणकापाशी लक्ष उडते, कुठेतरी वेगळा पर्याय निवडला जातो आणि दोन महिन्यांनी नेमक्या त्याच एका मशीनवर प्रिंटर का चालत नाही हे शोधण्यात एक दुपार जाते. या प्रश्नांची उत्तरे एकदाच आणि लेखी देऊन ठेवली की इन्स्टॉलरला माणसाची गरज उरत नाही.

पुढे मांडलेल्या पद्धतीचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात इन्स्टॉलर अशी लेखी उत्तरे असलेली फाइल, म्हणजे उत्तरफाइल, वाचून कोरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवतो. दुसऱ्या टप्प्यात एक व्यवस्थापन साधन नेटवर्कवरून त्या मशीनशी जोडले जाते आणि सॉफ्टवेअर, सेटिंग्ज व वापरकर्ते लावून देते. माझा आग्रह असा आहे की पहिला टप्पा शक्य तितका लहान ठेवावा. उत्तरफाइलमध्ये जे जे कोंबले जाते ते नंतर बदलायचे झाले तर मशीन पुसून पुन्हा बसवावे लागते, तर तीच गोष्ट दुसऱ्या टप्प्यात लिहिलेली असेल तर चालू मशीनवर काही मिनिटांत बदलता येते.

क्लोन करावे की उत्तरफाइल लिहावी

एक संगणक मनासारखा तयार करून त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत बाकीच्यांवर उतरवणे हा मार्ग बहुतेकांना आधी सुचतो. क्लोनझिला आणि फॉग ही मुक्त साधने हे काम उत्तम करतात, आणि मल्टिकास्ट वापरल्यास एकच डेटाप्रवाह एकाच वेळी अनेक मशीनवर उतरत असल्यामुळे वेळही वाचतो. सगळी मशीन एकाच बनावटीची असतील, त्यांवर अनेक जीबींचे अवजड सॉफ्टवेअर लागत असेल आणि ती वारंवार मूळ स्थितीत आणायची असतील, तर क्लोनिंग हा योग्य मार्ग आहे.

अडचण अशी की प्रत काढताना मूळ मशीनची ओळखही सोबत जाते. लिनक्समध्ये प्रत्येक मशीनचा एक स्वतंत्र मशीन-आयडी असतो. उबुंटू सर्व्हरसारख्या प्रणालीत डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, आयपी पत्ता मागताना वापरली जाणारी ओळख याच आयडीवरून तयार होते, त्यामुळे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे स्वतःचे क्रमांक) वेगळे असूनही दोन क्लोनना एकच आयपी पत्ता मिळतो आणि दोघांचेही नेटवर्क अधूनमधून तुटत राहते. हा दोष नेटवर्क केबलमध्ये शोधत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून प्रत काढण्यापूर्वी मशीन-आयडीची फाइल रिकामी करावी आणि एसएसएचच्या (दुरून सुरक्षितपणे मशीनमध्ये शिरण्याच्या सोयीच्या) होस्ट किल्ल्या, म्हणजे मशीनची ओळख पटवणाऱ्या फाइली, काढून पहिल्या बूटच्या वेळी नव्या तयार होतील अशी सोय करावी. विंडोजमध्ये हेच काम सिस्प्रेप हे साधन करते. त्यातील जनरलाइझ हा पर्याय मशीनची विशिष्ट ओळख पुसून टाकतो आणि तो न वापरता काढलेली प्रत वाटू नये.

दुसरी अडचण कालांतराने उभी राहते. प्रत काढली त्या दिवसापासून ती शिळी होऊ लागते, सहा महिन्यांनी तिच्यावर शेकडो अपडेट चढवावी लागतात, आणि तिच्यात नेमके काय काय बदलले होते ते लिहून ठेवलेले नसते. उत्तरफाइल हा साधा मजकूर असल्यामुळे ती गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवता येते, कोणती ओळ कोणी आणि का बदलली ते दिसते, आणि इन्स्टॉलर ताजी पॅकेजेस स्वतःच उतरवून घेतो. यापुढील विवेचन त्यामुळे उत्तरफाइलच्या मार्गाने जाते.

पहिली उत्तरफाइल हाताने लिहू नये

कोऱ्या पानावरून उत्तरफाइल लिहायला बसणे हा वेळेचा अपव्यय आहे, कारण बहुतेक इन्स्टॉलर ती स्वतः तयार करून ठेवतात. रेड हॅट, फेडोरा, अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या कुटुंबात उत्तरफाइलला किकस्टार्ट म्हणतात. एकदा हाताने इन्स्टॉल केले की दिलेल्या उत्तरांची किकस्टार्ट फाइल रूट (मुख्य प्रशासक) वापरकर्त्याच्या होम फोल्डरमध्ये अ‍ॅनाकोंडा-केएस या नावाने तयार सापडते. उबुंटू सर्व्हरने २०.०४ या आवृत्तीपासून ऑटोइन्स्टॉल ही यॅमल (मोकळ्या जागांनी रचना दाखवणारा साधा मजकूर) स्वरूपातील पद्धत आणली, आणि तिची फाइल इन्स्टॉलरच्या लॉग फोल्डरमध्ये ठेवलेली असते. डेबियनमध्ये प्रीसीड नावाची जुनी पण भक्कम पद्धत आहे. विंडोजसाठी एक्सएमएल स्वरूपाची अनअटेंड फाइल लागते आणि ती तयार करण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या असेसमेंट अँड डिप्लॉयमेंट किटमध्ये सिस्टीम इमेज मॅनेजर हे साधन मिळते. तेव्हा एका मशीनवर शांतपणे, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर विचारपूर्वक देत इन्स्टॉल करावे, मिळालेली फाइल उचलावी आणि तिच्यात बदल करत जावे.

या फाइलमधील सर्वांत धोकादायक ओळ डिस्कची आहे. पूर्वी पहिली डिस्क एसडीए या नावाने हमखास सापडत असे. आता एनव्हीएमई या नव्या प्रकारच्या डिस्कचे नाव निराळे असते, आणि ज्या पेन ड्राइव्हवरून बूट केले तोच एसडीए ठरण्याची शक्यता असते. सुरुवातीच्या काळात मी फाइलमध्ये नुसते "पहिली डिस्क" असे लिहून ठेवले होते; एका मशीनमध्ये नंतर जोडलेली दुसरी डिस्क होती आणि इन्स्टॉलरने तिलाच पहिली मानून ती साफ केली. तेव्हापासून मी डिस्क नावाने न निवडता गुणाने निवडतो: उबुंटूच्या ऑटोइन्स्टॉलमध्ये सर्वांत मोठी डिस्क, एसएसडी असलेली डिस्क किंवा विशिष्ट मॉडेलची डिस्क अशी अट घालता येते. विंडोजच्या फाइलमध्ये डिस्क क्रमांकाने ओळखली जात असल्यामुळे एकाहून अधिक डिस्क असलेल्या मशीनवर जपावे, आणि शंका असेल तर डेटाची डिस्क इन्स्टॉलपूर्वी सरळ काढून ठेवावी.

डिस्कच्याच संदर्भात उबुंटू सर्व्हरची एक खोड लक्षात ठेवावी. एलव्हीएम (डिस्कचे भाग नंतर लहान-मोठे करता येणारी पद्धत) हा तयार आराखडा निवडल्यास डिस्क २०० जीबीपेक्षा मोठी असताना मूळ फाइल सिस्टीमला केवळ १०० जीबी जागा दिली जाते आणि उरलेली जागा पुढील वापरासाठी राखून ठेवली जाते. आकाराचे धोरण "संपूर्ण" असे स्पष्टपणे लिहिले नाही, तर वर्षभराने ५०० जीबीच्या डिस्कवर जागा संपल्याची तक्रार येते.

पासवर्डाविषयी दोन शब्द. लिनक्सच्या उत्तरफाइलमध्ये पासवर्ड उघडा न लिहिता त्याचा हॅश, म्हणजे त्यावरून गणिताने काढलेला आणि थेट उलगडता न येणारा मजकूर, लिहायचा असतो, पण ही फाइल नेटवर्कवर एचटीटीपीने वाटली जाणार असेल तर त्या नेटवर्कवरील कोणीही ती वाचू शकतो आणि हॅशवरून दुबळा पासवर्ड शोधून काढू शकतो. विंडोजच्या फाइलमध्ये परिस्थिती याहून वाईट आहे. तेथे पासवर्ड लपवण्याचा पर्याय निवडला तरी तो केवळ बेस६४ या अक्षरे बदलण्याच्या साध्या पद्धतीने बदललेला असतो आणि तो उलगडायला क्षणही लागत नाही. म्हणून लिनक्सवर एसएसएचची सार्वजनिक किल्ली घालून पासवर्डने प्रवेश बंद ठेवावा, आणि विंडोजवर उत्तरफाइलमधला पासवर्ड तात्पुरता समजून दुसऱ्या टप्प्यात बदलून टाकावा.

यॅमल लिहिताना टॅब चालत नाही, केवळ मोकळ्या जागा चालतात, आणि एका जागेचाही फरक अर्थ बदलतो. क्लाउड-कॉन्फिग ही पहिली ओळ विसरली तर उबुंटूचा इन्स्टॉलर पूर्ण फाइलकडे दुर्लक्ष करून नेहमीप्रमाणे प्रश्न विचारू लागतो. आणखी एक अडसर मुद्दाम ठेवलेला आहे: कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) बूट ओळीत ऑटोइन्स्टॉल हा शब्द नसेल तर डिस्क पुसण्यापूर्वी इन्स्टॉलर एकदा होकार मागतो. चाचणीच्या काळात हा अडसर तसाच राहू द्यावा आणि खात्री पटल्यावरच तो काढावा.

सर्व चाचण्या आभासी मशीनवर कराव्यात. कोऱ्या डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीची नोंद, घेऊन ठेवला की प्रत्येक अयशस्वी प्रयत्नानंतर काही सेकंदांत पुन्हा सुरुवात करता येते, आणि उत्तरफाइल पहिल्याच प्रयत्नात क्वचितच बिनचूक चालते. प्रत्यक्ष मशीन यूईएफआयवर, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या नव्या फर्मवेअरवर, चालत असतील तर आभासी मशीनही यूईएफआयवरच ठेवावे, कारण जुन्या बायोसवर चाललेली डिस्करचना तेथे बूट होईलच असे नाही.

पेन ड्राइव्ह कधी पुरतो

आठ-दहा संगणकांसाठी नेटवर्क बूट उभारण्याचा खटाटोप करू नये. उबुंटूसाठी इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह आणि त्यासोबत सीआयडेटा असे लेबल दिलेला दुसरा लहान पेन ड्राइव्ह पुरतो. त्यावर यूजर-डेटा आणि मेटा-डेटा या दोन फाइली ठेवायच्या, त्यांतील दुसरी रिकामी असली तरी चालते. विंडोजसाठी उत्तरफाइलला ऑटोअनअटेंड हे नाव देऊन ती इन्स्टॉलरच्या पेन ड्राइव्हवर सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये ठेवली की सेटअप ती आपणहून शोधतो. असे चार पेन ड्राइव्ह फिरवत राहिले की दहा मशीन अर्ध्या दिवसात सहज होतात.

नेटवर्कवरून बूट

संख्या वाढली, किंवा मशीन वारंवार नव्याने बसवायची असली, की पीएक्सई, म्हणजे डिस्कऐवजी नेटवर्कवरून बूट होण्याची सोय, उभारणे परवडते. इंटेलने आणलेली ही पद्धत आज जवळपास प्रत्येक नेटवर्क कार्डात असते. मशीन सुरू होताच कार्ड डीएचसीपीकडे पत्ता मागते. उत्तरात पत्त्याबरोबर बूट सर्व्हर कोणता आणि पहिली फाइल कोणती हे ६६ आणि ६७ या क्रमांकांच्या पर्यायांतून कळवता येते. मग ती फाइल टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने उतरवली जाते आणि पुढचा कारभार ती पाहते. डीएनएसमास्क हा एकच लहानसा प्रोग्राम डीएचसीपी आणि टीएफटीपी अशी दोन्ही कामे करतो, आणि राउटरचा डीएचसीपी बदलण्याची मुभा नसेल तर तो प्रॉक्सी पद्धतीने चालवता येतो. पत्ते राउटरच वाटतो, डीएनएसमास्क केवळ बूटची माहिती पुरवतो. एकाच नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोन डीएचसीपी सर्व्हर चुकूनही चालू ठेवू नयेत.

टीएफटीपी मुळात ५१२ बाइटांचे तुकडे पाठवतो आणि प्रत्येक तुकड्याची पोच मिळेपर्यंत थांबतो, त्यामुळे मोठ्या फाइलींसाठी तो फार संथ पडतो. त्याच्याकडून केवळ आयपीएक्सईसारखी (एचटीटीपी जाणणाऱ्या बूट प्रोग्रामची) लहान पहिली फाइल घ्यावी आणि कर्नल, इन्स्टॉलर व उत्तरफाइल एचटीटीपीवरून उतरवाव्यात. बायोस आणि यूईएफआय मशीनना पहिली फाइल वेगवेगळी लागते; मशीन आपला प्रकार डीएचसीपीच्या ९३ क्रमांकाच्या पर्यायातून सांगते आणि त्यानुसार फाइल देण्याचा नियम डीएनएसमास्कमध्ये लिहिता येतो. सिक्युअर बूट, म्हणजे केवळ सही असलेलेच बूट प्रोग्राम चालू देणारी सोय, चालू असेल तर सही नसलेली पहिली फाइल नाकारली जाते. अशा वेळी सिक्युअर बूट बंद करण्यापेक्षा वितरकाने पुरवलेली सहीची शिम आणि ग्रब ही बूट प्रोग्रामांची जोडी वापरणे बरे. उबुंटूचा सर्व्हर इन्स्टॉलर नेटवर्कवरून बूट होताना पूर्ण आयएसओ (इन्स्टॉलरची डिस्क-प्रतिमा) फाइल मेमरीत उतरवतो, त्यामुळे ४ जीबी मेमरीच्या जुन्या मशीनवर तो मध्येच कोलमडू शकतो.

हे सर्व बिनचूक असूनही मशीन पत्ता न मिळाल्याचे सांगत थांबले, तर स्विचकडे पाहावे. व्यवस्थापित स्विचवर स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधील फेरे टाळणारी व्यवस्था) चालू असेल तर केबलला जोड मिळाल्यावर पोर्ट १५ सेकंद ऐकण्यात आणि १५ सेकंद शिकण्यात घालवतो, आणि त्या अर्ध्या मिनिटात कार्डाने पत्ता मागण्याचा नाद सोडून दिलेला असतो. संगणक जोडलेल्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट हा पर्याय लावला की अडचण संपते. पीएक्सईच्या तक्रारींत हे कारण अनेकदा निघते आणि ते सर्वांत शेवटी तपासले जाते.

दुसरा सापळा फेऱ्याचा आहे. बूट क्रमात नेटवर्क पहिले ठेवले आणि सर्व्हर प्रत्येक वेळी इन्स्टॉलर देत राहिला, तर इन्स्टॉल पूर्ण होऊन मशीन पुन्हा सुरू होताच ते स्वतःला पुन्हा पुसते, आणि हे अखंड चालू राहते. सर्व्हरच्या मेन्यूत स्थानिक डिस्कवरून बूट हाच मूळ पर्याय असावा, आणि इन्स्टॉल केवळ ज्या मशीनचे मॅक पत्ते यादीत घातले आहेत त्यांनाच मिळावे. काम झाले की उत्तरफाइलमधील शेवटच्या आज्ञेने तो पत्ता यादीतून काढून टाकावा. याच यादीत प्रत्येक मॅक पत्त्यासमोर संगणकाचे नाव लिहिले की नावे देण्याचा प्रश्नही सुटतो. नावे खोली आणि जागेवरून द्यावीत. माणसांची नावे दिली तर माणूस जागा बदलतो आणि यादी खोटी ठरते.

फर्मवेअरची सेटिंग्ज मात्र बहुधा हातानेच लावावी लागतात. नेटवर्क बूट चालू करणे, आणि डिस्क आरएसटी किंवा रेड पद्धतीत असेल तर ती एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणणे, ही दोन कामे प्रत्येक मशीनवर आधी उरकावीत, कारण आरएसटी किंवा रेड पद्धतीत लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्क अनेकदा दिसतच नाही. त्याच फेरीत वेक ऑन लॅन चालू केले तर पुढे एका जागेवरून सगळी मशीन जागी करता येतात.

दुसरा टप्पा: सॉफ्टवेअर आणि सेटिंग्ज

कोरी प्रणाली उभी राहिली आणि एसएसएचने तिच्यात शिरता आले की उत्तरफाइलचे काम संपले. पुढील कामासाठी मी अन्सिबल सुचवतो. ते २०१२ मध्ये आले, आणि लक्ष्य मशीनवर त्याचा स्वतंत्र एजंट (कायम चालणारा मदतनीस प्रोग्राम) बसवावा लागत नाही. तेथे पायथन आणि एसएसएच असले की पुरे. एका फाइलमध्ये मशीनची यादी, म्हणजे इन्व्हेंटरी, आणि दुसऱ्या फाइलमध्ये अपेक्षित स्थितीचे वर्णन, म्हणजे प्लेबुक, एवढाच त्याचा पसारा आहे.

येथे शेल स्क्रिप्ट आणि प्लेबुक यांतील फरक नीट समजून घ्यावा. "या फाइलच्या शेवटी ही ओळ जोड" असे स्क्रिप्टला सांगितले आणि ती तीनदा चालवली तर ओळ तीनदा जोडली जाते. "या फाइलमध्ये ही ओळ असली पाहिजे" असे प्लेबुकला सांगितले तर ते आधी पाहते, नसेल तरच जोडते, आणि असेल तर काही न करता पुढे जाते. त्यामुळे तेच प्लेबुक नव्या आणि जुन्या मशीनवर निर्धास्तपणे पुन्हा पुन्हा चालवता येते, आणि मध्येच वीज गेली तरी पुन्हा चालवणे हाच उपाय असतो. प्लेबुकमध्ये शेल आज्ञा लिहिण्याची सोय आहे, पण तिचा आधार घेतला की ही शाश्वती जाते. पॅकेज, फाइल, सेवा, वापरकर्ता यांसाठी तयार मॉड्यूल आहेत तोवर तीच वापरावीत.

अन्सिबल मुळात एका वेळी ५ मशीनवरच काम करते. तीस मशीनसाठी फोर्क्स हा आकडा वाढवला नाही तर प्रत्येक पायरी सहा तुकड्यांत पार पडते आणि साधन संथ असल्याचा गैरसमज होतो. नव्या प्लेबुकची आधी चेक पद्धतीने फेरी घ्यावी, म्हणजे काय बदलले जाईल ते प्रत्यक्ष बदल न होता दिसते. लॅपटॉप नेहमी चालू नसतात, त्यामुळे त्यांच्यासाठी उलटी दिशा बरी पडते. अन्सिबल-पुल या आज्ञेने मशीन स्वतःच गिटमधून प्लेबुक उतरवून आपल्यावर चालवते.

विंडोज मशीनही अन्सिबलने हाताळता येतात, तेथे जोडणी विनआरएम (विंडोजची दूरनियंत्रणाची सोय) किंवा एसएसएचने होते. आदेश देणारे मशीन मात्र लिनक्स किंवा तत्सम असावे लागते. सॉफ्टवेअरसाठी मायक्रोसॉफ्टचे विनगेट आहे, ज्यात एका मशीनवरील यादी एक्सपोर्ट करून दुसऱ्यावर इम्पोर्ट करता येते. त्याची एक अडचण अशी की कोऱ्या विंडोजवर पहिला वापरकर्ता लॉग इन होऊन पार्श्वभूमीत नोंदणी पूर्ण होईपर्यंत विनगेट उपलब्धच नसते, त्यामुळे इन्स्टॉलच्या आतच ते चालवण्याचा प्रयत्न फसतो. पूर्णपणे माणसाविना चालणाऱ्या उभारणीत चॉकलेटी हे जुने साधन मला अधिक भरवशाचे वाटते. एमएसआय या विंडोजच्या प्रमाणित स्वरूपातील इन्स्टॉलर प्रश्न न विचारता चालवण्याचे पर्याय ठरलेले असतात. बाकीच्या इन्स्टॉलरचे पर्याय प्रत्येकाचे निराळे असल्यामुळे ते एकदा शोधून प्लेबुकमध्येच लिहून ठेवावेत.

इंटरनेटचा हिशेब सुरुवातीलाच मांडावा. तीस मशीनना प्रत्येकी ३ जीबी पॅकेजेस लागत असतील तर ९० जीबी होतात, आणि १०० एमबीपीएसच्या जोडणीवरून ती उतरवायला, जोडणी पूर्ण वेगाने चालली असे धरले तरी, दोन तास लागतात. हीच पॅकेजेस स्थानिक कॅशमधून, म्हणजे एकदा उतरवलेल्या पॅकेजेसच्या साठ्यातून, १ जीबीपीएसच्या नेटवर्कवर वाटली तर पंधरा मिनिटांच्या आसपास काम होते. डेबियन आणि उबुंटूसाठी एपीटी-कॅशर-एनजी हा प्रोग्राम त्याच पीएक्सई सर्व्हरवर बसवावा आणि त्याचा पत्ता उत्तरफाइलमधील प्रॉक्सीच्या ओळीत द्यावा. कॅशचा पत्ता इन्स्टॉलनंतरही मशीनवर राहतो, हे विसरू नये. लॅपटॉप दुसऱ्या नेटवर्कवर गेला की अपडेट थांबतात, म्हणून प्लेबुकच्या शेवटी लॅपटॉपवरून ती ओळ काढून टाकावी.

प्रत्यक्ष उभारणी

सगळी मशीन एकदम सुरू करू नयेत. आधी एक, मग वेगवेगळ्या बनावटीची तीन-चार, आणि ती पूर्ण झाल्यावर उरलेली, असा क्रम ठेवावा. उत्तरफाइलमधील दोष एका मशीनवर उघड झाला तर दहा मिनिटे जातात. तोच तीस मशीनवर एकदम उघड झाला तर त्या दिवशी कोणालाच काम करता येत नाही. ज्या मशीनवर आधीपासून कोणी काम करत होते तेथे डेटाची प्रत घेतली असल्याची खातरजमा तोंडी न करता प्रत उघडून करावी.

इन्स्टॉलचे लॉग मशीनवर राहतात आणि मशीन बूटच झाले नाही तर तेही हाती लागत नाहीत, म्हणून उत्तरफाइलच्या शेवटच्या आज्ञेत लॉग सर्व्हरवर पाठवण्याची सोय करावी. इन्व्हेंटरीतील प्रत्येक नावासमोर इन्स्टॉल पूर्ण झाले, प्लेबुक चालले आणि दुसऱ्यांदा चालवल्यावर एकही बदल झाला नाही, अशा तीन खुणा मिळाल्याशिवाय ते मशीन वापरायला देऊ नये. तिसरी खूण सर्वांत बोलकी आहे; दुसऱ्या फेरीतही बदल दिसत असतील तर प्लेबुकमधील एखादी पायरी स्थिती न पाहता दर वेळी काम उरकत आहे.

महिन्याभराने चिठ्ठी टाकून एखादे मशीन निवडावे, वापरणाऱ्याला विचारून त्याचा डेटा बाजूला काढावा, आणि ते मुळापासून पुन्हा बसवावे. वापरणारा परत येऊन बसला की जे जे नाही म्हणून सांगेल, मग तो एखादा फॉन्ट असो, प्रिंटर असो किंवा कोणीतरी हाताने केलेली सेटिंग असो, ते सगळे त्याच दिवशी प्लेबुकमध्ये लिहून घ्यावे.